खांबावरचा नंबर

रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर एक नंबर असतो. कधी रंगाने लिहिलेला, कधी पत्र्याच्या पट्टीवर ठोकलेला. तो आपल्यासाठी नसतोच. दिवा गेला तर दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला नेमका खांब सापडावा, एवढाच त्याचा उपयोग. टपालपेटीला, बसथांब्याला, गटाराच्या झाकणालाही असे नंबर असतात आणि रोजच्या सवयीने ते आपल्याला दिसेनासे होतात. २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात ‘हॅलो लॅम्प पोस्ट’ नावाचा एक कलाप्रयोग झाला. त्याने या नंबरांनाच बोलतं केलं. समोरच्या वस्तूचं नाव आणि तिचा नंबर लिहून एसएमएस पाठवायचा. खांब ‘जागा’ व्हायचा आणि उलट तुम्हालाच काहीतरी विचारायचा. तुम्ही दिलेलं उत्तर तो लक्षात ठेवायचा आणि नंतर आलेल्या एखाद्या अनोळखी माणसाला सांगायचा. त्यासाठी नवा पडदा लावला नाही, नवी तार ओढली नाही, रस्ताही खोदला नाही. जे होतं त्याच्याच आधारावर सगळं उभं राहिलं.

शहर नव्याने कल्पायचं म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते काचेचे मनोरे आणि जागोजागी पेरलेले सेन्सर. टोरांटोच्या किनाऱ्यावरच्या बारा एकरांत तसा एक ‘स्मार्ट’ मोहल्ला उभारण्याची घोषणा २०१७ मध्ये झाली होती. गूगलच्या भावंड कंपनीने तो प्रकल्प मे २०२० मध्ये गुंडाळला. कारण आर्थिक अनिश्चिततेचं दिलं गेलं, पण तोवर लोक अडीच वर्षं एकच प्रश्न विचारत होते: आमची माहिती घेणार, पण ती जाणार कुठे? ब्रिस्टलच्या खांबाने हा प्रश्न फार स्वस्तात सोडवला होता. त्याला जे सांगाल ते रस्त्यावरच, दुसऱ्या कुणाच्या तरी हाती परत यायचं. शहरातली कला असो, यंत्र असो की नागरिकांची सभा, माझी कसोटी आता एवढीच उरली आहे: उलट उत्तर येतं का? येत नसेल तर ती शोभा आहे. शोभेला माझी ना नाही, पण तिला लोकसहभाग म्हणू नये.

हे हवेत बोलण्यापेक्षा एक चौक घेऊ. त्याचे न वापरलेले कोपरे लोकांना विचारून, रंगवून चालणाऱ्यांच्या हाती द्यायचे, एवढंच काम. शहरातला सर्वांत मोठा, सर्वांत बदनाम चौक नको. तिथे पहिल्याच खेपेला हात घातला तर बसवाल्यांपासून दुकानदारांपर्यंत सगळे अंगावर येतात, आणि त्यांचंही काही चुकत नाही. दोन लहान रस्ते एकमेकांना छेदतात, जवळ एखादी शाळा किंवा वाचनालय आहे, असा चौक बरा. पहिले काही दिवस नुसतं बघायचं. कोपऱ्यांत धूळ आणि पाचोळा कुठे साचतो ते बघायचं. ज्या जागेवरून एकही चाक जात नाही तिथेच तो टिकतो. थंड देशांत हेच काम बर्फ करतो: गाड्या आपापला माग मोकळा करत जातात आणि मधे उरलेली पांढरी जागा सांगते की एवढा रस्ता कुणालाच नको होता. नकाशावर चौकाचं क्षेत्रफळ एक असतं, चाकांनी वापरलेलं दुसरंच. त्या दोन्हींतली तफावत हीच आपली जागा.

मग मोजणी. चार कोपऱ्यांवर चार माणसं, प्रत्येकाकडे कागद, दर पंधरा मिनिटांचा वेगळा रकाना. एक कामाचा दिवस, एक सुटीचा. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि अंधार पडल्यानंतरचा एक तास. तो अंधाराचा तास बहुतेक जण गाळतात, आणि चौक कोण टाळतं हे नेमकं त्याच तासात दिसतं. मोजताना नेहमीची चूक म्हणजे एकच माणूस दोन कोपऱ्यांवर दोनदा मोजला जातो. त्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येकाने समोर एक रेघ धरायची आणि जो ती ओलांडेल तेवढाच मोजायचा. याशिवाय एकाने दर दहाव्या माणसाची वाट नकाशावर पेन्सिलीने काढत जायची. शंभर वाटा झाल्या की कागदावर पायवाटांचा गुंता उमटतो आणि झेब्रा क्रॉसिंग त्या गुंत्याच्या भलत्याच बाजूला पडलेलं दिसतं. ‘लोक बेशिस्त आहेत’ हे वाक्य उच्चारण्याआधी हा कागद बघावा.

वाहनांचा वेग मोजायला महागडी रडार-बंदूक लागत नाही. रस्त्याकडेला ५० मीटर अंतरावर दोन खुणा करायच्या. पहिल्या खुणेपाशी उभ्या असलेल्याने गाडी येताच हात खाली करायचा. दुसऱ्या खुणेवरच्याने घड्याळ सुरू करून गाडी आपल्यापुढून जाताच थांबवायचं. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, साडेचार सेकंद लागले तर ४०, आणि ३.६ सेकंद लागले तर ५०. दोघांनीही आपापल्या खुणेच्या अगदी काटकोनात उभं राहायचं. तिरकं बघितलं तर चार-पाच मीटरची चूक सहज होते. शंभर गाड्या मोजून वेग चढत्या क्रमाने लावायचे आणि पंच्याऐंशीव्या गाडीचा वेग बघायचा. रस्ते-अभियंते सरासरीपेक्षा हाच आकडा मानतात. त्यांच्या टेबलावर त्यांच्याच भाषेतला आकडा ठेवला की बोलण्याचा सूर बदलतो.

आणखी एक हिशेब कुणालाही पटतो. रस्ता १२ मीटर रुंद असेल तर सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याला तो ओलांडायला १० सेकंद लागतात. काठी टेकत ०.८ मीटरने चालणाऱ्या आजींना १५. दोन्ही बाजूंच्या न वापरलेल्या कोपऱ्यांतून दोन-दोन मीटर घेतले, तर ओलांडायचे उरतात ८ मीटर, आणि आजींना लागतात १० सेकंद. म्हणजे आजींच्या चालीत काहीच बदल न करता त्या तरण्याताठ्या माणसाच्या वेळात पलीकडे पोचल्या.

हाताने मोजणं दोन दिवस होतं, दोन महिने होत नाही. तिथे यंत्र हवं. बेल्जियममधल्या लूव्हेन शहरातून निघालेलं ‘टेलराम’ हे त्यातलं मला सर्वांत आवडणारं. नाव ऐकून कुणी आपल्यातलाच वाटतो, पण डच भाषेत तो शब्द मणी सरकवून मोजायच्या पाटीचा आहे. त्याचं पहिलं यंत्र म्हणजे रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि एक साधा कॅमेरा, घराच्या खिडकीला आतून चिकटवलेला. तो गाड्या, सायकली, माणसं वेगवेगळी मोजतो; चित्र तिथल्या तिथे टाकून देतो आणि पुढे फक्त आकडे पाठवतो. पाळत आणि मोजणी यांतली रेघ इथे यंत्राच्या रचनेतच ओढलेली आहे. धोरणाच्या कागदावर ती ओढण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं. त्या पहिल्या यंत्राला अंधारात दिसत नसे. खिडकीखाली कुणी टेम्पो लावून गेलं की दिवसभराचा हिशेब बुडाला. पडदा सरकला, काच धुळीने माखली, की आकडे हळूहळू घसरतात, आणि वहीत त्याची नोंद नसेल तर वाहतूक कमी झाल्याचा आनंद फुकटचा साजरा होतो.

हवा मोजणारा डबा घरी बनवता येतो आणि लोकांना त्याचं फार आकर्षण असतं. म्हणून तो जरा तपशिलात सांगतो. जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये २०१५ च्या सुमारास नागरिकांनी जी रचना रूढ केली तिच्यात एक ईएसपी८२६६ जातीचा वायफायचा बोर्ड, सूक्ष्म धूलिकण मोजणारा एसडीएस०११ हा लेझर सेन्सर, तापमान-आर्द्रतेचा एक छोटा सेन्सर, पाच व्होल्टचा चार्जर आणि प्लंबरकडे मिळणारे ७५ मिलिमीटरचे दोन एल्बो एवढंच लागतं. दोन्ही एल्बो एकमेकांत अडकवून वाकडी नळी करायची, आत सगळं बसवायचं, हवा शिरायचं तोंड खाली ठेवायचं म्हणजे पाऊस शिरत नाही. तोंडाला जाळी लावायची, नाहीतर कोळी आधी संसार थाटतात. जमिनीपासून दीड ते साडेतीन मीटर उंची, थेट ऊन नको, स्वयंपाकघराच्या पंख्यापासून लांब. लेझरचं आयुष्य साधारण ८,००० तासांचं, म्हणजे सतत चालवला तर अकरा महिने. म्हणून तो दर अडीच मिनिटांनी काही सेकंदच जागा करतात.

आता यातली मेख. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की धूलिकणांवर पाणी चढतं, ते फुगतात आणि सेन्सर त्यांना जास्त धूळ समजतो. धुक्याच्या पहाटे आलेला भयंकर आकडा पुष्कळदा पाण्याचा असतो. मोठ्या कणांच्या बाबतीत तर हा सेन्सर कच्चाच आहे; २.५ मायक्रॉनपर्यंतच्या आकड्यावरच त्यातल्या त्यात विश्वास ठेवावा. सगळे डबे आधी आठवडाभर एकाच खिडकीत शेजारी-शेजारी ठेवायचे आणि त्यांचे आकडे जुळतात का ते बघायचं. शक्य असेल तर सरकारी केंद्राजवळ दोन आठवडे. एक डबा चौकापासून अर्धा किलोमीटर लांब, काहीच बदल न होणाऱ्या रस्त्यावर टांगायचा, कारण चौकातली हवा तुमच्या रंगकामापेक्षा वाऱ्याचं जास्त ऐकते. हे सगळं केलं तरी ‘कोपरे रंगवल्याने हवा सुधारली’ असं या डब्यांवरून सिद्ध होत नाही. तसा दावा कुणी करत असेल तर सावध राहावं. डब्याचा खरा उपयोग वेळ दाखवण्यात आहे: शाळा भरायच्या अर्ध्या तासात रेघ कशी चढते, ते पालकांना त्यांच्याच मोबाइलवर दिसतं. रस्त्यारस्त्यातला फरक बघायचा असेल तर वीज न लागणाऱ्या साध्या नळ्या बऱ्या. बेल्जियमच्याच फ्लँडर्स भागात मे २०१८ मध्ये २०,००० नागरिकांनी नायट्रोजन डायऑक्साइड शोषणाऱ्या नळ्या आपापल्या खिडक्यांबाहेर लावल्या होत्या. अशा नळीत बंद पडण्यासारखं काही नसतं, आणि अनुभवी माणसाला या गुणाची किंमत कळते.

यंत्राला दिसत नाही ते काय, हा प्रश्न वेगळाच. बॉस्टनमध्ये ‘स्ट्रीट बम्प’ नावाचं ॲप होतं. गाडी खड्ड्यात आदळली की फोनमधला सेन्सर ते टिपून पालिकेला कळवायचा. पहिली अडचण अशी की गटाराची झाकणं आणि पुलाचे सांधेही त्याला खड्डेच वाटायचे. ती गणिताने सुटण्यासारखी होती. दुसरी अडचण माणसांची होती: ज्या वस्तीत गाड्या आणि स्मार्टफोन जास्त, तिथलेच खड्डे जास्त ‘सापडायचे’. तक्रारींच्या नकाशाचंही तसंच. तो शहराची दुखणी दाखवत नाही, कण्हायची सोय कुणाला आहे ते दाखवतो. उलट, नैरोबीच्या किबेरा वस्तीत २००९ मध्ये तिथल्याच तरुणांनी जीपीएस घेऊन पायी फिरून नकाशा केला. तोवर नकाशांवर ती गजबजलेली वस्ती जवळपास कोरी होती. शौचालयं, पाण्याचे नळ, दवाखाने, दिवे, सगळं त्यांनी नोंदवलं. एक व्यावहारिक सूचना: फोनचं जीपीएस अरुंद गल्लीत पाच-दहा मीटर सहज चुकतं, म्हणजे नळ गल्लीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसतो. म्हणून उपग्रहाचं छायाचित्र कागदावर छापून न्यावं आणि जागेवरच पेनाने खूण करावी. पावसात पेन्सिल टिकते, जेल पेन वाहून जातं.

आता माणसांना विचारायचं. १९६९ मध्ये शेरी आर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासिकेने लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तळाला लोकांना गुंडाळणं, मधे माहिती देणं आणि सल्ला घेणं, वर प्रत्यक्ष अधिकार. साठएक वर्षांनीही बहुतेक सभा मधल्या पायऱ्यांवरच घुटमळतात. संध्याकाळी सहा वाजता सभागृहात सभा लावली की कोण येणार ते आधीच ठरून जातं. तेच टेबल चौकात, सकाळी शाळा भरताना आणि रात्री शेवटची बस जाताना मांडलं तर वेगळीच माणसं थांबतात. प्रश्न ‘तुम्हाला काय हवंय?’ असा कधीही विचारू नये. त्याला उत्तर येतं ‘पार्किंग’. ‘इथे तुम्ही शेवटचे कधी थांबला होतात?’ असं विचारलं की माणूस जरा आठवतो, आणि कधी कधी ‘कधीच नाही’ असं म्हणून स्वतःच चमकतो. चित्रांवर रंगीत टिकल्या चिकटवून मत घ्यायची पद्धत सोपी आहे, पण पहिल्या दहा टिकल्या जिथे लागतात तिथेच पुढच्या चाळीस जातात. आधी बंद पेटीत चिठ्ठी, मग फळ्यावर टिकली, असं केलं की दोन्हींतला फरकही कळतो.

नकाशा वाचता येणं ही एक कला आहे आणि ती फार थोड्यांना येते. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने २०१२ पासून माइनक्राफ्ट या खेळातून लोकांकडून मैदानं, चौक आखून घ्यायला सुरुवात केली ती म्हणूनच. मुलं तासाभरात शिकतात, मोठी माणसं मुलांकडून. पण त्या खेळातला एक ठोकळा म्हणजे एक घनमीटर. बाकाची उंची असते ४५ सेंटिमीटर, पायरीची १५. त्यामुळे पूर्ण ठोकळ्याचा बाक किल्ल्याच्या तटासारखा होतो आणि पायरी नेमक्या मापाची काढता येत नाही. मोठी झाडं, भिंती, वाटा यांसाठी खेळ चांगला. चौकाच्या बारीक गोष्टींसाठी पुठ्ठा आणि कात्रीच बरी. १:५० च्या मापात २० मीटरचा चौक ४० सेंटिमीटरच्या फळीवर बसतो आणि माणूस होतो साडेतीन सेंटिमीटरचा. या फळीसोबत आणखी एक गोष्ट करावी: ९५ सेंटिमीटरच्या काठीवर कॅमेरा बांधून चौकात एक फेरी मारावी. तीन वर्षांच्या मुलाची उंची तेवढी असते. त्या उंचीवरून चौक म्हणजे गाड्यांची बॉनेटं, धुराडी आणि गुडघे.

ठरलेली रचना लगेच पक्की करायची नाही. आधी खडूने. कॉर्नस्टार्च आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात खायचा रंग मिसळला की ब्रशने लावता येण्याजोगा द्रव होतो, पाण्याने धुऊनही जातो. कोपऱ्यांवर शंकू मांडायचे आणि सर्वांत लांब गाडी, म्हणजे बस, कचऱ्याची गाडी, अग्निशमनाचा बंब, खरोखर वळवून बघायची. कागदावरच्या वळणावर विसंबू नये. चालकाची सवय कागदावर नसते. शंकू पडला तर तो कुणाच्या मागच्या चाकाने पडला हे लिहून ठेवायचं. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये मे २००९ मध्ये ब्रॉडवेचा काही भाग गाड्यांना बंद केला तेव्हा खरं फर्निचर आलेलंच नव्हतं. वेळ मारून न्यायला शेकडो स्वस्त घडीच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. लोक रस्त्याची चर्चा सोडून खुर्च्यांचीच चर्चा करू लागले. परिणाम मात्र खुर्च्यांवर सोडला नाही. टॅक्सींच्या जीपीएस नोंदींवरून गाड्यांचा वेग तपासला, अपघातांचे आकडे बघितले, आणि पुढच्या वर्षी तो बदल कायम केला. मला या गोष्टीत खुर्च्या आणि जीपीएस दोन्ही सारखेच महत्त्वाचे वाटतात. नुसत्या खुर्च्या असत्या तर गंमत झाली असती, आणि नुसते आकडे असते तर कुणाला कळलंच नसतं.

मग रंग. रस्त्यावरचं चित्र कुणासाठी हे आधी ठरवावं. गाडीतल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १.१ मीटरवर असतो. ३० मीटर लांबून त्याला चार मीटरचं वर्तुळ जाडसर पट्टीसारखं दिसतं. त्याला चित्र कळत नाही, फक्त ‘इथे काहीतरी वेगळं आहे’ एवढं कळतं, आणि तेवढंच पुरे आहे. चित्र असतं ते चालणाऱ्यांचं आणि वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांचं. म्हणून बारीक नक्षी कोपऱ्यांत, जिथे पाय रेंगाळतात. चाकांच्या वाटेवर मोठे, सपाट, मध्यम गडद आकार. पांढरा आणि फिका पिवळा टायरखाली आठवड्यात मळतो. स्वस्त गुलाबी आणि लाल उन्हाने आधी उडतात. लोहाच्या ऑक्साइडवर बनलेले तांबूस, मातकट रंग वर्षानुवर्षं टिकतात. बाण, त्रिकोण, जाड पांढऱ्या पट्ट्या, अशी वाहतुकीची भाषा चित्रात आणायची नाही. आणि ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांना तीव्र रंगांचे तुकडे खड्ड्यासारखे किंवा पायरीसारखे भासू शकतात. लंडनमध्ये २०२१ मध्ये अपंगांच्या संघटनांनी रंगीत क्रॉसिंगवर हरकत घेतली ती याचसाठी. माझं मत असं की ओलांडायची वाट साधीच ठेवावी आणि चित्र तिच्या बाजूंना करावं. आराखडा पक्का होण्याआधी पांढरी काठी वापरणाऱ्या दोन-तीन जणांबरोबर तिथे चालून बघावं.

हिशेब २०० चौरस मीटरचा धरू. रस्त्यासाठी बनलेला पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग खरबरीत डांबरावर पहिल्या हाताला लिटरमागे साधारण पाच चौरस मीटर जातो, म्हणजे ४० लिटर. दुसरा हात थोडा पुरवून जातो, लिटरमागे सात धरले तर २९ लिटर. सांडलवंड आणि डागडुजीसाठी दहा टक्के. एकूण ७५ लिटरच्या आसपास. डब्यावर लिहिलेला पसरण्याचा आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो, त्यावर खरेदी केली की दुपारी तीन वाजता रंग संपतो आणि त्याच छटेचा दुसरा डबा मिळत नाही. नवं डांबर असेल तर निदान महिनाभर हात लावायचा नाही. आतली तेलं वर येत असतात आणि रंग सालपटासारखा सुटतो. रस्ता दाबाच्या पाण्याने धुवायचा, तेलाचे डाग वेगळ्या साबणाने घासायचे, मग पुरा एक दिवस वाळू द्यायचा. पृष्ठभागाचं तापमान १० अंशांच्या वर आणि दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश जास्त हवं. नाहीतर पहाटे रंगाखाली दव धरतं आणि कारण कुणालाच कळत नाही.

१:५० च्या चित्रावर दोन सेंटिमीटरचे चौकोन आखले की रस्त्यावर त्यांचे एक मीटरचे होतात. खडूची भुकटी लावलेली दोरी ताणून टिचकी मारली की सरळ रेघ उमटते. चित्रकार बाह्यरेषा काढतात आणि प्रत्येक आकारात रंगाचा आकडा लिहितात. पुढे लहानथोर कुणीही लांब दांड्याचा रोलर घेऊन भरू शकतं. मधून बाहेर असा क्रम ठेवायचा, म्हणजे कुणी स्वतःच्या रंगात कोंडलं जात नाही. दुसरा हात ओला असतानाच त्यावर बारीक स्वच्छ वाळू भुरभुरायची, घसरू नये म्हणून. रस्त्याच्या पट्ट्यांवर टाकतात ते काचेचे मणी रात्री चमकण्यासाठी असतात, पकडीसाठी नव्हे. या दोघांची गल्लत होते आणि पहिल्या पावसात दुचाकी घसरते. गटारांची झाकणं रंगवायची नाहीत. त्यांवरचे नंबर बुजले तर दुरुस्तीवाला आपल्या नावाने बोटं मोडतो. रोलर धुतलेलं पाणी पावसाच्या गटारात ओतायचं नाही, पिंपात साठवायचं. आणि घाईने रस्ता उघडायचा नाही. एक रात्र तरी थांबायचं, कारण अर्धवट वाळलेल्या रंगावर उमटलेला पहिला टायर जन्मभर दिसतो.

या सगळ्यावर पाणी फिरवणारी गोष्ट निराळीच असते. दोन महिन्यांनी पाइपलाइनवाले येतात आणि चित्राच्या मधोमध चर खणतात, किंवा रस्त्यावर नवं डांबर चढतं. खोदाईचं आणि डांबरीकरणाचं वेळापत्रक आधी मागून घ्यायला हवं. दुसरी खात्रीची गोष्ट म्हणजे नुसत्या रंगाने कोपरा गाडीवाल्यांपासून वाचत नाही. चारचाकी हळूच त्यावर येऊन उभी राहते. कडेला लवचीक खांब किंवा कुंड्या लागतात. त्यांतली फट १.२ मीटर ठेवली तर व्हीलचेअर जाते, गाडी जात नाही. कुंडीची आणि झाडाची मिळून उंची ६० सेंटिमीटरच्या आत हवी, नाहीतर आपण ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते ९५ सेंटिमीटरचं मूल त्यामागे झाकलं जातं.

यातून अपघात कमी होतात का? अमेरिकेतल्या १७ रंगवलेल्या जागांचा २०२२ मध्ये एक अभ्यास झाला. पादचारी आणि सायकलस्वारांना बसणाऱ्या धडका तिथे निम्म्यावर आलेल्या दिसल्या. आकडा सुखद आहे, पण जागा थोड्या आहेत, आणि कोपरा अरुंद झाल्याचा परिणाम किती नि रंगाचा किती हे वेगळं काढणं अवघड. तरीही २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने राज्यांना रस्त्यावरची चित्रं पुसून टाकायला सांगितलं तेव्हा चर्चा आकड्यांची झालीच नाही, चित्रं काय म्हणतात याची झाली. कोलंबियातल्या बोगोटात तर रंगही लागला नव्हता. अंतानास मोकुस हे १९९५ मध्ये तिथे महापौर झाले आणि चौकात मूकनाट्याचे कलाकार उभे केले, आधी वीस, मग चारशेहून जास्त. झेब्रा क्रॉसिंगवर थांबलेल्या गाडीच्या चालकाची ते नक्कल करत, मुकाट्याने. शिवाय लोकांना अंगठा वर आणि अंगठा खाली अशी चित्रं असलेली कार्डं वाटली होती, एकमेकांना दाखवायला. खांबासारखंच हे: केल्याचं उत्तर तिथेच मिळे.

पैशाचीही एक जुनी वाट आहे. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्री शहराने १९८९ मध्ये अंदाजपत्रकातला काही भाग वस्त्यांच्या सभांच्या हाती दिला आणि ती पद्धत जगभर गेली. पॅरिसने २०१४ मध्ये उचलली. खुद्द पोर्तो अलेग्रीत २०१७ मध्ये ती थांबवली गेली. अशा मतदानातून बांधायला पैसे मिळतात, सांभाळायला मिळत नाहीत. म्हणून प्रस्तावातच तीन वर्षांची डागडुजी धरावी आणि तेवढ्याने चित्र लहान झालं तरी चालेल.

चौकात एक फळा लावावा, तीन रकान्यांचा: ऐकलं, केलं, नाही केलं. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक ओळीपुढे कारण हवं. ‘बाक हवा होता, दिला नाही, खाली केबल आहे’ एवढं लिहिलं तरी माणसं समजून घेतात. चिडतात ती न लिहिल्यावर. वर्षाने तीच चार माणसं, तेच कोपरे, तोच महिना, तोच अंधाराचा तास. पहिल्या मोजणीचे आकडे बाजूला लिहायचे आणि ते वाईट निघाले तरी फळ्यावर लावायचे.

रंगाचे उरलेले पाच-सात लिटर कुणाच्या तरी जिन्याखाली जातात आणि हरवतात. तसं होऊ नये म्हणून डब्याच्या तोंडावर प्लास्टिक ताणून मगच झाकण ठोकायचं, गोठणार नाही आणि तापणार नाही अशा जागी, वाचनालयाच्या कोठीत वगैरे ठेवायचा. पाण्यातला रंग एकदा गोठला की संपला. झाकणावर नव्हे, अंगावर लिहायचं, कारण झाकणं बदलतात: छटेचा आकडा, बॅच, तारीख, चित्रातला क्रमांक. कोठीच्या किल्लीवाल्याचा फोन नंबर फळ्यामागे. आणि एका वहीत जवळच्या दिव्याच्या खांबाचा नंबर आणि त्याच्यापुढे डब्याचा, म्हणजे ‘४१७ च्या खाली निळा उडालाय’ असा फोन आला की कुठला डबा उचलायचा ते विचारावं लागत नाही.